महामार्गाची गुणपत्रिका : बंगळुरूच्या वाटेवरचे बारा टप्पे

कोल्हापूरकर बंगळुरूला निघाला की बेळगाव, हुबळी, दावणगेरे करत राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून पोहोचतो. नागपूरकर हैदराबादमार्गे ४४ वरून येतो. देशाचे हे दोन दांडगे महामार्ग बंगळुरूत भेटतात. आपलं रस्त्याकडे लक्ष जातं ते खड्डा लागला की, नाहीतर टोल कापला गेला की. पण रस्ता बांधून झाला म्हणजे काम संपत नाही. तो मोजायचा, तपासायचा, दुरुस्त करायचा आणि पुन्हा मोजायचा! ही मोजामोज कशी चालते, ते पाहू या बारा टप्प्यांत.

१. नंबरातच दिशा
२०१० मध्ये महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम आकडे, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढणारे. म्हणून नागपूरचा ४४, त्याच्या पश्चिमेला कोल्हापूरचा ४८ आणि पार कोकणात ६६. पुणे-बंगळुरू रस्त्याचा जुना नंबर ४. तो अजूनही अनेकांच्या तोंडी आहे.

२. फाटा कुणाचा?
नंबर तीन आकडी असेल तर शेवटचे दोन आकडे पाहा. बंगळुरू-म्हैसूर महामार्ग २७५, म्हणजे ७५ चा फाटा. हा ७५ मंगळुरूहून हासन, बंगळुरू, कोलार असा जातो. आपल्याकडचा रत्नागिरी-कोल्हापूर-सोलापूर १६६ हा तसाच ६६ चा फाटा.

३. दगडाचं डोकं बघा
किलोमीटरच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग. नारिंगी दिसलं की तुम्ही प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर आहात. मोबाइलची रेंज गेली तरी रस्ता कुणाच्या अखत्यारीतला, हे दगड सांगतो.

४. बंगळुरूत सुरुवात, हिंगणघाटला अखेर
भारत मोजणारा विल्यम लॅम्बटन याने १८०० साली बंगळुरूजवळ पोलादी साखळीने सुमारे साडेसात मैलांची प्रायोगिक आधाररेषा मोजली. १८०२ मध्ये मद्रासहून त्याची त्रिकोणमितीय मोजणी रीतसर सुरू झाली. मोजत मोजत उत्तरेकडे सरकताना १८२३ मध्ये तो हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. बंगळुरू आणि हिंगणघाट ही दोन्ही ठिकाणं आज एकाच महामार्गावर आहेत, ४४ वर!

५. जयकर आणि नागपूर
पुणे विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय ज्यांच्या नावाचं, त्या बॅ. मुकुंदराव जयकरांनी देशाच्या रस्त्यांचाही पाया घातला. १९२७ मध्ये नेमलेल्या रस्तेविकास समितीचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या शिफारशींतूनच १९२९ चा केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ ची इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. पुढे १९४३ मध्ये देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि वीस वर्षांची योजना ठरली : दर १०० चौरस किमीमागे १६ किमी रस्ता. आज देशात सुमारे ६३ लाख किमी रस्ते आहेत, म्हणजे तेवढ्याच जागेत १९० किमीच्या आसपास.

६. एक बैलगाडी बरोबर आठ मोटारी
वाहतूक मोजताना सगळी वाहनं मोटारीच्या हिशेबात आणतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या कोष्टकात ग्रामीण रस्त्यांसाठी दुचाकी अर्धी, मोटार एक, ट्रक किंवा बस तीन, ट्रॉलीसकट ट्रॅक्टर साडेचार आणि मोठी बैलगाडी आठ! ऊसहंगामात साखर कारखान्याच्या रस्त्यावर अडकलेल्या कुणालाही हा आकडा लगेच पटेल. बंगळुरू-म्हैसूर महामार्गाच्या मुख्य मार्गिकांवर १ ऑगस्ट २०२३ पासून दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टरला बंदी आहे. त्यांनी बाजूच्या सर्व्हिस रोडने जायचं.

७. हादऱ्यांची बेरीज
जीपमागे एका चाकाची छोटी गाडी जोडतात आणि ताशी ३२ किमीच्या वेगाने ओढत नेतात. चाक जितकं वरखाली होईल, तितकी बेरीज यंत्रात जमा होते. याचं नाव बम्प इंटिग्रेटर. चांगल्या डांबरी काँक्रीटवर किलोमीटरमागे ही बेरीज २,००० मिमीच्या आत राहते. ३,००० च्या पुढे गेली की रस्ता नापास. जगभर चालणारा आंतरराष्ट्रीय खडबडीतपणा निर्देशांक १९८२ मध्ये ब्राझीलमध्ये झालेल्या प्रयोगांतून आला.

८. रस्ता दबतो!
वरून कणखर दिसणारा डांबरी रस्ता प्रत्येक ट्रकखाली किंचित वाकतो. हे वाकणं बेंकेलमन बीमने मोजतात. मागच्या आसावर ८,१७० किलो वजन भरलेला ट्रक उभा करायचा. त्याच्या जोडचाकांच्या फटीत ३.६६ मीटर लांब दांड्याचं टोक सरकवायचं आणि डायलवरचा आकडा टिपायचा. मग ट्रक हळूच पुढे न्यायचा, आधी २.७ मीटर, नंतर आणखी ९ मीटर. भार उतरतो तसा रस्ता वर येतो आणि डायलचा काटा सरकतो, तोही मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. उन्हात डांबर मऊ पडतं, म्हणून मोजलेला आकडा ३५ अंश तापमानाच्या हिशेबात बसवावा लागतो. जास्त दबलेल्या रस्त्यावर वरून नुसता मुलामा देऊन भागत नाही, जाड थर चढवावा लागतो.

९. वीस टक्के जादा भार, दुप्पट झीज
१९५८ ते १९६० दरम्यान अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात खास बांधलेल्या रस्त्यांवर लष्करी चालकांनी भरलेले ट्रक सतत फिरवले. त्यातून नियम निघाला : आसावरचा भार दुप्पट झाला तर झीज दुप्पट नव्हे, सुमारे सोळापट. नुसता २० टक्के जादा माल भरला तरी झीज जवळपास दुप्पट! म्हणून टोलनाक्यावरचा वजनकाटा हा रस्त्याचा खरा राखणदार आहे.

१०. लेझरवाली गाडी
आता हातातल्या पट्ट्यांच्या जोडीला नेटवर्क सर्व्हे व्हेइकल आलं आहे. लेझर, चौफेर कॅमेरे आणि जीपीएस लावलेली ही गाडी धावता धावताच भेगा, खड्डे आणि चाकोऱ्यांची खोली टिपते. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२५ मध्ये २३ राज्यांतले सुमारे २१ हजार किमी रस्ते अशा गाड्यांनी तपासायचं जाहीर केलं. मोजणाऱ्या माणसाला भर रहदारीत उभं राहावं लागत नाही, हा याचा सर्वात मोठा फायदा.

११. ४७ आणि ४८ सेकंद
सरकारी आकड्यांनुसार टोलनाक्यावर २०१८-१९ मध्ये सरासरी आठ मिनिटं थांबावं लागायचं. फास्टॅगनंतर ते ४७ सेकंदांवर आलं. पण नाका ओलांडून शहरात शिरलं की घड्याळाचं गणित बदलतं. टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात बंगळुरूत १० किमी जायला ३४ मिनिटं १० सेकंद लागले, पुण्यात ३३ मिनिटं २२ सेकंद. महामार्ग ४८ ने जोडलेल्या या दोन शहरांत फरक फक्त ४८ सेकंदांचा!

१२. पाचशे मीटर, तीन वर्षं
महामार्गाच्या साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसं गेली, तर तो ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो. राष्ट्रीय महामार्ग देशातल्या रस्त्यांच्या जेमतेम दोन टक्क्यांहून थोडे जास्त. पण २०२२ मध्ये रस्त्यांवर गेलेल्या १,६८,४९१ जणांपैकी सुमारे ३६ टक्के याच महामार्गांवर गेले. रस्त्याच्या गुणपत्रिकेत सर्वात वरचा विषय हाच हवा. गुळगुळीतपणा, वेग आणि टोलची वसुली त्याच्या नंतर.

आपण काय करायचं?
महामार्गावर खड्डा, अपघात किंवा बंद पडलेलं वाहन दिसलं की १०३३ वर फोन करा. हा नंबर चोवीस तास चालतो. आणि एक मागणी लावून धरू या. महामार्गांवर प्रकल्पाची माहिती देणारे क्यूआर कोडचे फलक लावायचं प्राधिकरणाने २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. त्यात आणखी दोन आकडे असावेत : या रस्त्याचा खडबडीतपणा शेवटी कधी मोजला व किती भरला, आणि गेल्या तीन वर्षांत इथे किती माणसं दगावली. मोजमाप सरकारजवळ होतंच आहे. टोल भरणाऱ्याला ते वाचायला मिळालं, तर पुढचा थर वेळेवर पडेल आणि धोक्याचं वळण वेळेत सुधारेल.