परदेशातलं काम हाताशी आलंय? राजीनामा खिशातच ठेवा, आधी हा हिशेब करा

एरंडोल : बसस्टँडवर कोणी ओळखीचा भेटला की पहिला प्रश्न, "भाऊ, नोकरी सोडी दिनी का?" विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी कमी आणि नवल जास्त असतं. पण प्रश्न खोटा नाही. ठिबक, टिश्यू कल्चर केळी, पॉलिहाऊस या कामांत जळगाव जिल्ह्यात दहा-दहा वर्षं काढलेल्या माणसांना आता बाहेरून विचारणा होते. केनियात नैवाशा तलावाभोवती फुलशेती आहे, इथिओपियात गुलाबाची पॉलिहाऊसं आहेत. तिथे कायमचा माणूस नको असतो. तीन आठवडे येऊन लाइन टाकून द्या, खताचं वेळापत्रक बसवा आणि परत जा, असं काम असतं. पैसे दिवसावर ठरतात.

घोळ तिथूनच सुरू होतो. समजा, एका कृषी पदवीधराला हातात 45 हजार पगार पडतो. परदेशी फार्म दिवसाला 10 हजार देतो म्हणतं. हा गडी लगेच 10 हजाराला 30 ने गुणतो आणि महिन्याचे 3 लाख धरून बसतो. अहो, वर्षात काम मिळणार किती दिवस? नव्या माणसाला 100 दिवस मिळाले तरी चांगलं म्हणायचं. म्हणजे वर्षाचे 10 लाख. पगाराचे 5 लाख 40 हजार, त्यात कंपनी भरत असलेला पीएफ, ग्रॅच्युइटी आणि घरच्यांचा मेडिक्लेम धरला तर नोकरीही 6 लाखांच्या आसपास जाते. फरक राहतो 4 लाखांचा. त्यातून तिकीट (फार्म देणार नसेल तर), प्रवास विमा, रिकामे महिने आणि एखादं बुडालेलं बिल वजा करा. तरी काम फायद्याचं ठरू शकतं, नाही असं नाही. पण तो फायदा 3 लाख महिन्याचा नाही.

आता तारखेचं बघा. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. समजा, याच माणसाची सर्व्हिस 9 वर्षं 2 महिने झालीय आणि मूळ पगार 26 हजार आहे. ग्रॅच्युइटीत शेवटच्या मूळ पगाराला 26 ने भागून 15 ने गुणतात, म्हणजे वर्षाला 15 हजार पडतात. आज राजीनामा दिला तर 9 वर्षांचे 1 लाख 35 हजार. शेवटच्या वर्षाचे 6 महिन्यांपेक्षा जास्त दिवस भरले की ते पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे पाच महिने थांबला तर दीड लाख. त्याहून मोठी गोष्ट पेन्शनची. पीएफमधल्या पेन्शनसाठी 10 वर्षं लागतात आणि तिथे साडेनऊ वर्षं भरली की 10 धरली जातात. पाच महिन्यांच्या घाईत म्हातारपणाची पेन्शन गेली, तर त्या फार्मला काय त्याचं! पीएफची रक्कमही लगेच काढू नका, खातं राहू द्या. सर्व्हिस 5 वर्षांच्या आतली असेल तर काढलेल्या रकमेवर कर लागतो.

घरासाठी कर्ज काढायचं असेल तर ते पगाराची स्लिप हातात असतानाच. स्वतंत्र काम करणाऱ्याला बँका साधारण दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागतात. मेडिक्लेमचंही तसंच. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीत वैयक्तिक पॉलिसीत बदलता येतं का, हे सुटण्याआधी विचारा. नव्याने पॉलिसी घेतली तर बीपी-शुगरसारख्या जुन्या आजारांसाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. घरी आई-वडील असतील तर हा मुद्दा पगारापेक्षा मोठा आहे.

व्हिसाच्या बाबतीत मात्र कोणाचं ऐकू नका. "टुरिस्टवर या, इथे बघू" म्हणणारे खूप भेटतात. केनियात पर्यटक म्हणून मिळालेल्या परवानगीवर पैशाचं काम करता येत नाही. थोड्या दिवसांच्या कामासाठी वेगळा स्पेशल पास असतो आणि तो बोलावणाऱ्या फार्मने काढायचा असतो. तो काढायला टाळाटाळ करणारा माणूस पुढे बिल कसं देईल, याचाही अंदाज तिथेच येतो. पासासाठी अॅडव्हान्स मागणारा एजंट भेटला तर फार्मशी थेट बोला.

यलो फिव्हरची लस ठरलेल्या सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून 10 दिवसांनी लागू होतं, मग आयुष्यभर चालतं. केनिया, इथिओपियातून परतताना ते जवळ नसेल तर आपल्याच विमानतळावर 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. तिकीट काढताना हे 10 दिवस मोजा.

कराची भीती लोक उगाच जास्त घेतात. तांत्रिक सल्लागाराला अंदाजित उत्पन्नाची सोय आहे (सीए लोक 44एडीए म्हणून ओळखतात). तुमचं काम त्यात बसलं तर जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरतात. 10 लाखांचे 5 लाख, आणि नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. तरी रिटर्न भराच, उद्या बँक तेच मागेल. वर्षाची जमा 20 लाखांवर गेली तर जीएसटी नोंदणी. परदेशी ग्राहकाच्या बिलावर कर लावावा लागत नाही, पण त्यासाठी दरवर्षी एलयूटी नावाचं हमीपत्र द्यायचं असतं. पैसे बँकेतूनच मागवा आणि प्रत्येक रकमेचं परकीय चलन आल्याचं पत्र ठेवा. तिकडे कर कापला असेल तर त्याचं प्रमाणपत्र परतण्याआधी घ्या, नंतर मेल करून मिळत नाही. एका आर्थिक वर्षात 182 दिवस भारतात राहिलात की तुम्ही इथले रहिवासी, म्हणून पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या तारखा वहीत लिहून ठेवा.

आपल्याकडे कार्यक्रमात भवरलाल जैन यांचं उदाहरण देतातच. सरकारी नोकरी नाकारून त्यांनी 1963 मध्ये 7 हजार रुपयांवर रॉकेल विकायला सुरुवात केली. भाषणात एक सांगायचं राहून जातं : ते 7 हजार घरच्यांची साठवणूक होती. तुमच्या घरी सहा महिने चूल चालेल एवढी साठवणूक आहे का, हे बायकोला विचारा. तिला आकडा तुमच्यापेक्षा नक्की माहीत असतो.

आणि शक्य असेल तर पहिलं काम कंपनीची लेखी परवानगी घेऊन, साठलेल्या रजेवर करा. नियुक्तीपत्रात बाहेरच्या कामाला बंदी आहे का, ते आधी वाचा. तीन आठवडे जाऊन या. बिल पाठवल्यावर पैसे किती दिवसांत आले ते मोजा, आणि पुढचं बोलणं त्यानंतर.