मुलींनो, दोरी परत काढा

दहावीपर्यंत गल्लीत लंगडी, खो-खो खेळणारी मुलगी अकरावीला गेली की घरातच दिसते. कॉलेज, पाण्याची लाइन, धाकट्या भावंडांचं बघणं, जमलं तर कुठे दुकानात काम. खेळ सुटतो. आणि नेमकी याच वयात हाडं भरत असतात.

हाडांची बहुतेक भर अठरा-वीस वर्षांपर्यंत होते, पुढे तिशीपर्यंत थोडीफार. पाळी गेल्यावर त्याच शिल्लकीवर दिवस काढायचे असतात. आजी मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं, हे आपल्या घरांना नवं नाही.

"ती दिवसभर राबते, आणखी व्यायाम कशाला?" असं आया आम्हाला हमखास विचारतात. राबते हे खरंच. पण रोजच्या त्याच त्या ओझ्याची हाडाला सवय होते. त्याला हवा असतो वेगळा, जोराचा दणका आणि मग विश्रांती. सलग उड्या मारत राहिलं तर थोड्या वेळाने हाड दाद देईनासं होतं. मध्ये थांबलं की पुन्हा देतं. २०१५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २५ ते ५० वयाच्या बायकांनी दिवसातून दोनदा, दर वेळी १० किंवा २० उड्या मारल्या, प्रत्येक उडीनंतर ३० सेकंद थांबून. १६ आठवड्यांनी त्यांच्या खुब्याचं हाड उड्या न मारणाऱ्यांपेक्षा घट्ट भरलं.

थांबून थांबून जोर लावण्याच्या या पद्धतीला इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात. याने दमही वाढतो. आधी पाच मिनिटं चाला. मग २० सेकंद दोरीउड्या, एक मिनिट सावकाश चालणं, असं सहा वेळा. आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक. नुसत्या सायकलने दम वाढेल, पण हाडाला दणका मिळत नाही.

सुरुवातीला हिमोग्लोबिन तपासून घ्या. देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. चक्कर येते, छातीत धडधडतं, गुडघा दुखतो किंवा दिवस गेलेत, तर आधी डॉक्टरांना विचारा. बारीक होण्यासाठी उपाशी राहून व्यायाम तर नकोच. त्याने पाळी चुकते आणि हाडं उलट झिजतात. नाचणीची भाकरी, तीळ, सुकट पोटात जाऊ द्या. कोवळ्या उन्हाचं कौतुक फार होतं, पण ड जीवनसत्त्वासाठी अकरा ते दोनमधलं ऊन जास्त कामाचं. थोडा वेळ पुरतो.

अडचण जागेची. विहारासमोरचं अंगण संध्याकाळी मुलांच्या क्रिकेटने भरलेलं असतं. आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास ते मुलींना मिळावं आणि तिथला दिवा चालू असावा, एवढं वस्तीतल्या मोठ्यांनी ठरवायला हवं. दोरी विकत आणायची गरज नाही. कपडे वाळत घालायची जाड सुती दोरी चालते. मधोमध पाय ठेवून तिची टोकं काखेपर्यंत आली की माप बरोबर.