एक कॅम की दोन?

ऑफिसच्या पार्किंगमध्ये कुणी ‘आपली डीओएचसी आहे’ म्हणालं, की बाकीचे नुसती मान डोलावतात. पण फंडा सोपा आहे. इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात. त्यांना दाबून उघडतो तो कॅमशाफ्ट. जुन्या बुलेटमध्ये तो खाली, मध्ये लांब पुशरॉड. एसओएचसीत एकच कॅमशाफ्ट वर, व्हॉल्व्हच्या डोक्याशी. डीओएचसीत दोन: आत घेणाऱ्यांना एक, सोडणाऱ्यांना एक. मधला पसारा जितका हलका, तितका व्हॉल्व्ह वेळेवर मिटतो. दहा हजार आरपीएमला तो सेकंदाला सुमारे ८३ वेळा उघडतो, राव!

आता सामना, तोही आपल्या चाकणचा. २०१२मध्ये बजाजच्या इथल्या प्लांटमधून दोन बाइक आल्या: केटीएम ड्यूक २०० आणि पल्सर २००एनएस. दोघींचं इंजिन १९९.५ सीसी, बोअर ७२ मिमी, स्ट्रोक ४९ मिमी, व्हॉल्व्ह चार-चार. ड्यूकला कॅमशाफ्ट दोन, एनएसला एक. ताकद? ड्यूक २५ पीएस, एनएस २३.५. पण ड्यूकला फ्युएल इंजेक्शन होतं, एनएसला कार्ब्युरेटर. २०२०मध्ये एनएसलाही इंजेक्शन मिळालं आणि आकडा गेला २४.५वर. फरक उरला अर्धा पीएस, तोही सुई दहा हजारांच्या आसपास गेल्यावर!

मोकळ्या रस्त्यावर मूठ पिळायची हौस असेल, तर दुसरा कॅमशाफ्ट जरूर घ्या. रोज नाशिक फाट्याच्या ट्रॅफिकमध्येच अडकणार असाल, तर हप्ता ठरवण्याआधी ब्रोशर मिटा आणि दोन्हींची टेस्ट राइड मारा.