पडद्यावरचे भूत आणि मोजपट्टी

दूरदर्शनवर बातम्या चालू आहेत आणि निवेदिकेच्या उजवीकडे तिचीच एक फिकट प्रतिमा उभी आहे, असे दृश्य तुम्ही बहुधा पाहिलेले नाही. भारतातील बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपक आता बंद झाले आहेत. तुमच्या पालकांना मात्र हे ‘भूत’ चांगले आठवत असेल. ते किती लांबून आले, हे साध्या मोजपट्टीने काढता येत असे!

आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे पाठवीत आणि प्रत्येक चित्र ६२५ रेषांचे असे. म्हणजे एका रेषेच्या वाट्याला ६४ मायक्रोसेकंद. त्यांतील सुमारे १२ इलेक्ट्रॉन शलाका मागे परतण्यात जात. उरलेल्या ५२ मायक्रोसेकंदांत ती डावीकडून उजवीकडे रेषा काढी. चित्रातला उजेड-अंधार वाहक लहरीच्या उंचीत, म्हणजे परमप्रसरात, बदल करून पाठवीत. परिभाषेत याला ‘विरूपण’ म्हणतात. शब्दावरून काहीतरी बिघडल्यासारखे वाटते, पण हा बदल मुद्दाम केलेला असतो. खरा बिघाड वाटेत होई.

एक लहर प्रक्षेपकाकडून सरळ अँटेनावर येई, दुसरी एखाद्या उंच इमारतीवर आपटून किंचित उशिरा. तोवर शलाका पुढे गेलेली असे, म्हणून हे दुसरे चित्र उजवीकडे उमटे.

समजा, ४० सेंमी रुंद पडद्यावर भूत २ सेंमी सरकले आहे. ५२ चा विसावा भाग म्हणजे २.६ मायक्रोसेकंद. लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. तेव्हा तिला ७८० मीटर जादा पडले. इमारत घराच्या बरोबर मागे असेल, तर जाऊन-येऊन ७८०, म्हणजे ती ३९० मीटरांवर आहे. आवाजात हे भूत ऐकू येत नसे. एवढा उशीर कानाला कळतच नाही.

माझे वडील गच्चीवर अँटेना पुढेमागे सरकवीत आणि मी खिडकीतून ‘आलं, गेलं’ असे ओरडत असे. त्यात भौतिकशास्त्र होते. ६० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ५ मीटर. अँटेना मागच्या इमारतीकडे सव्वा मीटर नेला, की सरळ वाट तेवढी वाढते आणि परतीची तेवढीच घटते. दोहोंतला फरक अडीच मीटरांनी, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीने बदलतो. एकमेकींना साथ देणाऱ्या लहरी आता विरोध करू लागतात आणि भुताचे काळे केस पांढरे होतात! या दोन जागांच्या मध्ये कुठेतरी भूत जवळजवळ दिसेनासे होई. वडिलांना तरंगलांबी ठाऊक नव्हती, पण त्या जागेवर त्यांनी खडूने खूण करून ठेवली होती.