मोटार वर काढण्यापूर्वी धारित्र तपासा

गेल्या रब्बी हंगामात गहू ओंबीत भरत असताना एका शेतकऱ्याची कूपनलिकेतील एक अश्वशक्तीची सिंगल फेज मोटार बंद पडली. बटण दाबताच अँपिअरचा काटा वर चढे आणि फ्यूज जाई. पाणी मात्र येत नसे. मोटार जळाली असे समजून सहा गड्यांनी ती पाइपासह वर ओढली व तालुक्याच्या गावी नेली. तेथे वाइंडिंग निर्दोष निघाले. दोष होता स्टार्टरच्या पेटीतील धारित्रात, म्हणजे शेतकरी ज्यास कपॅसिटर किंवा कंडेन्सर म्हणतात त्यात. ऐन भरणीत पाच दिवस पाणी चुकले व दाणा बारीक राहिला. मोटार काढण्याचा सल्ला देणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता, हे येथे नमूद केले पाहिजे.

सिंगल फेज मोटार आपण होऊन फिरू लागत नाही. तिच्या दुसऱ्या वाइंडिंगमधील प्रवाह मुख्य वाइंडिंगच्या पुढे सरकवून फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण करणे हे धारित्राचे काम होय. पेटीत बहुधा दोन प्रकारची धारित्रे आढळतात. काळ्या डब्यातील, शंभर मायक्रोफॅरडच्या आसपासचे किंवा त्याहून मोठे धारित्र केवळ मोटार सुरू होताना क्षणभर जोडले जाते. पांढऱ्या किंवा ॲल्युमिनियमच्या डब्यातील, ३६ किंवा ५० मायक्रोफॅरड व ४४० व्होल्ट असे छापलेले धारित्र मोटार चालू असेपर्यंत मंडलात राहते.

तपासणीपूर्वी मुख्य स्विच बंद करून किटकॅट काढून खिशात ठेवावे. तरीही धारित्रात वीज साठलेली असते व तिचा धक्का जबर बसतो. पुष्कळजण पेचकसाने दोन्ही टोके जोडून ठिणगी काढतात. ही रीत सोडावी, कारण तीत धारित्रास व हातास दोहोंस इजा होते. तारेचा जुना बल्ब होल्डरसह घेऊन त्याच्या दोन वायरी टोकांस काही क्षण लावाव्यात. एल.ई.डी. बल्ब या कामी चालत नाही.

डबा फुगलेला असेल किंवा त्यातून तेल गळत असेल, तर पुढील तपासणीची गरज नाही. तसे नसल्यास एका टोकाची वायर सोडवावी. वायर जोडलेली ठेवून मोजल्यास वाइंडिंगचाच विरोध मापात मिसळतो व आकडा फसवा येतो. मल्टिमीटर मायक्रोफॅरडवर लावून वाचन घ्यावे. मात्र स्वस्त मीटर पुष्कळदा २० मायक्रोफॅरडच्या पुढे मोजत नाहीत, हे आधी पाहावे. डब्यावर ३६ व ± ५ टक्के असे छापले असेल, तर ३४.२ पेक्षा कमी वाचन आल्यास धारित्र बदलावे.

काट्याचा ओहम मीटर असल्यास काटा शून्याकडे झेप घेऊन सावकाश परत गेला पाहिजे. तो शून्यावरच राहिला तर धारित्र आतून जुळले आहे. मुळीच हलला नाही तर तुटले आहे. क्षमता घटल्याचे मात्र या पद्धतीने कळत नाही, आणि प्रत्यक्षात घटलेली धारित्रेच अधिक त्रास देतात: मोटार कशीबशी चालते, तापते आणि मग खरोखरच जळते. असा संशय असल्यास वायरमनने चालू मोटारीवर धारित्राचा प्रवाह व त्याच्या टोकांवरील दाब मोजावा. अँपिअरला ३१८० ने गुणून व्होल्टने भागले की मायक्रोफॅरड मिळतात. ३ अँपिअर व ३०० व्होल्ट भरले, तर ३१.८, म्हणजे ३६ चे धारित्र निकामी झाले.

नवे धारित्र तितक्याच मायक्रोफॅरडचे घ्यावे. व्होल्ट कमी नसावेत. मोठे बसविल्याने जोर वाढतो हा समज चुकीचा आहे, त्याने वाइंडिंग तापते.

सौर पंपाच्या कंट्रोलरमधील पट्टीवरही धारित्रे असतात, परंतु ती इतर भागांशी समांतर जोडलेली असल्याने जागेवरचे वाचन खरे नसते, आणि पॅनेल तोडल्यावरही त्यांत शेकडो व्होल्ट शिल्लक राहू शकतात. हमीची मुदत चालू असता ती पेटी उघडू नये, पुरवठादारास कळवावे.