एकाच जागेवरून शंभर फटके

सुट्टीच्या दिवशी गोल्फ खेळणाऱ्या हौशी खेळाडूचा सराव पाहिला, तर एक दृश्य हमखास दिसते. भोकापासून दोन मीटरवर उभे राहून तो एकामागून एक शंभर चेंडू टोलवतो. पहिले काही चुकतात. मग हात बसतो आणि शेवटचे दहा-पंधरा चेंडू सलग आत पडतात. गडी खुशीत घरी जातो. पुढच्या रविवारी प्रत्यक्ष खेळात मात्र पहिलाच फटका चुकतो.

असे कोडे आपल्याला वर्गातही पडते. फळ्यावरच्या नमुन्याप्रमाणे दहा गणिते अचूक सोडवणारी मुलगी सहामाहीला त्याच प्रकारच्या गणितापाशी अडते. मग सराव केला तो गेला कुठे?

भोक, अंश आणि वेग

भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरून चेंडू घरंगळवत भोकात घालणे, याला पटिंग म्हणतात. १८ भोकांच्या आणि ७२ फटक्यांच्या मैदानावर प्रत्येक भोकाला दोन याप्रमाणे ३६ फटके पटिंगसाठीच धरलेले असतात. म्हणजे निम्मा खेळ इथेच.

भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. हे माप १८९१ साली ठरले. सावकाश येणाऱ्या चेंडूचा मध्य भोकाच्या मध्यापासून ५४ मिलिमीटरपेक्षा कमी अंतरावरून गेला, तर चेंडू आत पडतो. म्हणून एक मीटरवरून दिशा सुमारे ३ अंशांनी चुकली तरी चालते. तीन मीटरवरून मात्र जेमतेम १ अंशाची मुभा उरते. निष्णात व्यावसायिक खेळाडूंचेही सुमारे अडीच मीटरवरून निम्मेच चेंडू आत जातात. तेव्हा हौशी खेळाडूने निराश होण्याचे कारण नाही.

दिशेइतकाच महत्त्वाचा आहे वेग. सपाट हिरवळीवर घरंगळणाऱ्या चेंडूचा वेग साधारण एकसारख्या दराने कमी होतो, असे धरू. मग थांबेपर्यंतचे अंतर सुरुवातीच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग १० टक्के जास्त झाला, तर अंतर २१ टक्के वाढते. तीन मीटरवर थांबायचा चेंडू ६३ सेंटिमीटर पुढे जातो.

आकडा नव्हे, नियम

आता त्या शंभर फटक्यांकडे पुन्हा पाहू. एकाच जागेवरून मारताना हाताला एकच जोर पुरतो. जोर आणि अंतर यांचे नाते शिकण्याची गरजच पडत नाही. खेळात तर प्रत्येक अंतर नवे असते. रिचर्ड श्मिट यांनी १९७५ साली मांडले, की हालचाली शिकताना आपण प्रत्येक हालचाल वेगळी साठवत नाही, तर त्यांमागचा नियम शिकतो. नियम कळायला मात्र उदाहरणे निरनिराळी हवीत.

१९७८ साली केर आणि बूथ यांनी आठ वर्षांच्या मुलांना दाणे भरलेल्या पिशव्या लक्ष्यावर टाकायला दिल्या. एका गटाने फक्त तीन फुटांवरून सराव केला, दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवरून. परीक्षा झाली तीन फुटांवर. सरस ठरला तो दुसरा गट, त्या अंतरावर एकदाही सराव न केलेला!

पुढच्याच वर्षी शी आणि मॉर्गन यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. हाताच्या तीन हालचाली काहींनी एकेक करून घोटल्या, काहींनी सरमिसळ करून. सरावाच्या वेळी घोटणारे पुढे होते. दहा दिवसांनी पाहिले, तर सरमिसळ करणारे पुढे! प्रत्येक वेळी नव्याने आठवावे लागते, म्हणून हा सराव जड जातो आणि म्हणूनच टिकतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. सराव करताना वाटणारी सहजता ही शिकल्याची खूण नव्हे.

मात्र याचा अतिरेक नको. काठी कशी धरावी हेच ज्याला कळलेले नाही, त्याने आधी एका जागी उभे राहून हात बसवावा. प्रयोगशाळेबाहेर सगळेच निष्कर्ष इतके स्वच्छ मिळालेले नाहीत.

करून पाहा

गोल्फची काठी नसली तरी अडत नाही. वर्गात जाजम अंथरून त्यावर खडूने ३० सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढा. रबरी चेंडू लाकडी पट्टीने ढकलून वर्तुळात थांबवायचा. पहिल्या गटातील प्रत्येकाने दोन मीटरवरून ३० वेळा ढकलावा. दुसऱ्या गटातील प्रत्येकाने दीड आणि अडीच मीटरवरून आलटून पालटून १५-१५ वेळा. दोन्ही गटांचे गुण लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी, हात साफ करू न देता, सर्वांना दोन मीटरवरून दहा-दहा संधी द्या. गट लहान असतील, तर निकाल उलटाही येईल. तोही तसाच फळ्यावर लिहा आणि कारणे मुलांनाच शोधू द्या.

पुढच्या वेळी गृहपाठ देताना दहा गणिते एकाच प्रकारची न देता तीन प्रकारांची मिसळून देता येतील. मुले कुरकुरतील, चुकाही जास्त होतील. त्या दिवशीच्या चुकांवरून त्यांची पारख करू नये, एवढेच आम्हाला सांगायचे आहे. खरी पारख पंधरा दिवसांनी.