बीजाविना वंश : वसईच्या वाडीतील केळ

प्रजनन म्हणजे जिवापासून त्याच जातीचा नवा जीव निर्माण होणे, आणि निसर्गात त्याच्या दोन रीती आहेत : नर व मादी युग्मकांच्या, म्हणजे प्रजननपेशींच्या, संयोगातून होणारे लैंगिक प्रजनन आणि अशा संयोगाविना एकाच जनकाच्या अंगातून होणारे अलैंगिक प्रजनन. आगाशी, निर्मळ, अर्नाळा या वसईच्या पट्ट्यात, बावखल नावाच्या लहान तळ्यांच्या पाण्यावर पोसलेल्या वाड्यांमध्ये या दोन्ही रीती शेजारी शेजारी दिसतात. माड पहिल्या रीतीने वाढतो, तर केळ दुसरीने.

माडाला वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्याला. त्याला फांद्या फुटत नाहीत की मुळाशी पिले येत नाहीत, म्हणून नवा माड हवा असेल तर नारळच रुजत घालावा लागतो. त्याच्या पोयीवर, म्हणजे फुलोऱ्यावर, नर व मादी फुले एकत्र असली, तरी उंच वाढणाऱ्या जातींत मादी फुले तयार होण्याआधीच त्या पोयीवरील नर फुलांचा बहर सरतो, आणि बहुधा दुसऱ्या माडाचा पराग वाऱ्याने किंवा मधमाश्यांनी आल्यावरच फळ धरते. त्यामुळे प्रत्येक रोपात दोन माडांचे गुण नव्याने मिसळतात आणि एकाच माडाचे नारळ लावले, तरी त्यांतून अगदी एकसारखी झाडे निपजत नाहीत.

केळीचा वरून दिसणारा बुंधा हे तिचे खरे खोड नव्हे. ती एकात एक घट्ट बसलेली सोपटे, म्हणजे पानांचे तळ असतात. खरे खोड म्हणजे जमिनीतील कंद होय. त्याच्यावरचे डोळे फुटून मुनवे वर येतात आणि त्यांतील तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचा मुनवा लागवडीसाठी निवडला जातो. घड उतरवल्यावर जुनी केळ मरते, परंतु तिच्याच पेशींच्या साध्या विभाजनातून वाढलेला मुनवा, म्हणजे तिची हुबेहूब जनुकीय प्रत, तिच्या जागी उभा राहतो.

केळीने बी सोडले कसे, याचे उत्तर तिच्या गुणसूत्रांत आहे. रानटी केळीचे फळ टणक बियांनी भरलेले असते. सह्याद्रीच्या कड्यांवरची चवई तर केळीच्याच कुळातील असूनही मुनवे देत नाही आणि केवळ बियांवर वंश चालवते. मुसा अक्युमिनाटा व मुसा बाल्बिसियाना या दोन रानटी जातींच्या पेशींत 11 गुणसूत्रांचे दोन संच, म्हणजे 22 गुणसूत्रे असतात. त्यांच्या संकरातून आलेल्या राजेळीत मात्र असे तीन संच, म्हणजे 33 गुणसूत्रे आहेत. युग्मके तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या जुळाव्या लागतात, तिनांच्या हिशेबात त्या नीट जुळत नाहीत आणि बी धरत नाही. तरीही फलनाविना गर भरतो, ज्याला अनिषेकफलन म्हणतात. केळे आडवे कापले असता मध्याशी दिसणारे बारीक काळे ठिपके हे बीज न होऊ शकलेल्या बीजांडांचेच अवशेष आहेत.

या रीतीचा लाभ मोठा आहे. एकदा हाती लागलेला गोडवा आणि घट्ट गर प्रत्येक मुनव्यात जसाच्या तसा उतरतो, म्हणूनच पिकलेली राजेळी सोलून उन्हात वाळवून केलेल्या सुकेळीची चव पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली. परंतु जिथे सर्व झाडे एकाच झाडाच्या प्रती असतात, तिथे एकाला मारणारा रोग सर्वांना मारू शकतो. विसाव्या शतकात जगाच्या बाजारावर राज्य करणारे ग्रो मिशेल केळे फ्युजॅरियम बुरशीच्या पनामा रोगाने 1960 च्या दशकापर्यंत व्यापारातून हटले आणि त्याची जागा कॅव्हेंडिशने घेतली. आज त्याच बुरशीचा नवा प्रकार कॅव्हेंडिशवरही उलटला असून तो भारतातही पोहोचला आहे. पर्णगुच्छ रोगाचा विषाणू तर रोगट मुनव्यातूनही नव्या वाडीत जातो.

लैंगिक प्रजनन दर पिढीत गुणांची नवी जुळणी करते, म्हणून रोग बदलला तरी तग धरणारी काही झाडे निघण्याची आशा राहते. केळीला हा मार्ग जवळजवळ बंद आहे. तिच्यातील वैविध्य प्रामुख्याने मुनव्यात क्वचित होणाऱ्या उत्परिवर्तनातून, म्हणजे जनुकातील अचानक बदलातून येते आणि तो बदल कोणी ओळखून जपला तरच टिकतो. म्हणून राजेळी, मुठेळी, बनकेळ, भुरकेळ अशा अनेक जाती वाडीत एकत्र राखणे हा केवळ चवीचा प्रश्न नाही. राजेळीला बी नाही; ज्या वर्षी तिचा मुनवा कोणीच लावणार नाही, त्या वर्षी तिचा वंश संपेल, आणि मागे रुजवायला काहीही उरणार नाही.